यंदा कोणाला बोलवायचे?

गणेशचतुर्थी आटोपली, मखराचे कागद गुंडाळून माळ्यावर गेले, की आपल्या बेटावरच्या मंडळींच्या बैठका सुरू होतात. चहा येतो, अध्यक्ष वही उघडतात आणि पहिला प्रश्न टाकतात, "यंदा कोणाला बोलवायचे?" मग नावे निघतात. कोणी मुंबईचा गायक सुचवतो, कोणी पुण्याची नाटकमंडळी, कोणी कीर्तनकार. विमानाचे भाडे, हॉटेल, ध्वनिक्षेपक, शाल-श्रीफळ असा हिशेब मांडला जातो. वर्गणी किती गोळा होईल याचा अंदाज बांधला जातो. उठता उठता कोणी तरी म्हणते, "आणि हो, सुरुवातीला आपल्या मुलांचा एखादा छोटा नाच ठेवू." झाले. वर्षाचा सांस्कृतिक हंगाम ठरला.

अशा बैठकांना मीही बसलो आहे आणि नावेही सुचवली आहेत. तेव्हा पुढे जे लिहिणार आहे त्यातला दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही. परंतु यंदाचा उन्हाळा मुलीकडे अमेरिकेत, शॉमबर्ग या गावी काढला आणि तिथे जे पाहिले त्यावरून एक गोष्ट मनात पक्की बसली. बैठकीचा पहिला प्रश्नच आपण चुकीचा विचारतो.

शॉमबर्ग हे शिकागो शहराच्या वायव्येला, तासाभराच्या अंतरावर आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन शेतकऱ्यांनी वसवलेली ही वस्ती. १९५६ साली तिला रीतसर गावाचा दर्जा मिळाला, १९७१ मध्ये वुडफील्ड हे प्रचंड मोठे बाजारसंकुल उभे राहिले आणि मक्याच्या शेतांच्या जागी रस्ते, कचेऱ्या आणि घरांच्या रांगा आल्या. आज लोकवस्ती पाऊण लाखाच्या थोडी वर आहे. म्हणजे आपल्या वाक्वा-फिनिक्सहून फार निराळे गाव नव्हे. या गावाला सांगण्यासारखा जुना राजवाडा नाही, देवालय नाही, समुद्रही नाही. तरी १९८६ मध्ये गावाच्या कारभाऱ्यांनी नगरभवनाच्या शेजारी एक कलागृह बांधले. खुर्च्या मोजून ४४२. फार मोठे नाही, आणि मला वाटते शहाणपण त्यातच आहे. शाळकरी मुलांचा वाद्यवृंद किंवा हौशी नाटकवाले यांना हजार खुर्च्यांचे सभागृह पाहूनच घाम फुटतो. चारशे खुर्च्या आई-बाप, काका-मावश्या आणि शेजारी मिळून भरू शकतात. मे महिन्याच्या अखेरीस त्याच परिसरात कलेचा बाजार भरतो आणि सप्टेंबरच्या आरंभी, कामगार दिनाच्या सुट्टीला जोडून, गावाची मोठी जत्रा होते. तिथे नावाजलेले गायक येतात हे खरे, परंतु तंबूत चित्रे मांडून बसलेली आणि मिरवणुकीत चालणारी माणसे पुष्कळशी गावातली आणि आसपासचीच असतात.

शॉमबर्ग आणि त्याच्या आजूबाजूच्या उपनगरांत मराठी घरेही बरीच आहेत. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९ सालचे. उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना एकत्र गुंफणारे बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१ मध्ये याच शिकागोत जन्माला आले. ही माणसे आपल्यासारखी पाच-सहा पिढ्यांपूर्वी गिरमिटावर आलेली नव्हेत. शिक्षण घेऊन, नोकरीसाठी, विमानातून उतरलेली. त्यांच्या घरात अजून मराठी बोलली जाते, आपल्या घरात बहुधा क्रेओल. त्यांना मराठी येते म्हणून ते नाटक करतात आणि आपल्याला येत नाही म्हणून आपण करत नाही, अशी माझी आजवर समजूत होती. ती किती अपुरी होती ते तिथे कळले.

त्या परिसरातल्या एका शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन तिथल्या कुटुंबांनी बसवलेले एक नाटक मी पाहिले. नट सगळे घरचे. दिवसा संगणकावर किंवा इस्पितळात काम करणारे, संध्याकाळी कोणाच्या तरी तळघरात तालीम करणारे. नायकाच्या थोरल्या भावाचे काम करणाऱ्याचा दुसऱ्या अंकात एक परिच्छेद विसरला. विंगेतून इतक्या मोठ्याने सांगितला गेला की सातव्या रांगेत मला ऐकू आला. नेपथ्यातला दरवाजा उघडेना. तरीही नाटक संपल्यावर कोणी घरी जाईना. प्रेक्षक रंगमंचावर चढले, कोणी खुर्च्या उचलू लागले, कोणी डबे उघडले. पडदा ओढण्याचे काम एका पंधरा वर्षांच्या मुलीकडे होते. तिचे मराठी माझ्या नातवाइतकेच, म्हणजे बेताचे. परंतु कोणत्या वाक्यावर पडदा पाडायचा हे तिला ठाऊक असावे लागे, म्हणून सारे नाटक तिला तोंडपाठ झाले होते! अर्थ न समजलेले शब्द तिने वहीत लिहून ठेवले होते आणि तालमीच्या वेळी एकेकाला विचारून घेतले होते. भाषेच्या वर्गात बसवून जे झाले नसते ते पडद्याच्या दोरीने केले.

त्याच उन्हाळ्यात मायदेशातून आलेल्या एका नामवंत कलाकाराचा कार्यक्रमही पाहिला. गर्दी दुप्पट होती. गाणे उत्तम झाले, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पंधरा मिनिटांत मोटारींचा तळ रिकामा झाला. मागे राहिले ते खुर्च्या आवरणारे चार कार्यकर्ते. कलाकाराचा यात काही दोष नाही. ऐकणाऱ्याचे काम ऐकून संपते, एवढेच. करणाऱ्याचे काम मात्र सहा महिने आधी सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही संपत नाही.

आता थोडे आणखी लांब जाऊ. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे बेट आहे. त्याचा आपल्या बेटाशी एक जुना, विसरलेला संबंध आहे. नेपोलियनचा पाडाव झाल्यावर १८१४ साली पॅरिस येथे जो तह झाला, त्या एकाच तहाने माल्टा आणि मॉरिशस ही दोन्ही बेटे इंग्रजांच्या पदरात पडली. ते १९६४ मध्ये स्वतंत्र झाले, आपण १९६८ मध्ये. माल्टा आकाराने आपल्या सहाव्या हिश्शाएवढेच. त्यांचीही घरची भाषा जगात इतरत्र फारसे कोणी बोलत नाही. अरबीच्या कुळातली, पण रोमन लिपीत लिहिली जाणारी ही भाषा एके काळी स्वयंपाकघरातली समजली जाई. न्यायालयात आणि वरच्या वर्गात इटालियन चाले, ती १९३४ साली राज्यभाषेच्या स्थानावरून गेली. २००४ पासून माल्टीज ही युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे.

या माल्टाला दोन हंगाम आहेत. पहिला सरकारी. २०१८ साली राजधानी व्हॅलेटा हिला युरोपची सांस्कृतिक राजधानी होण्याचा मान मिळाला, तेव्हा वर्षभर प्रदर्शने, संगीत, नाट्य यांची रेलचेल झाली. एरवीही उन्हाळ्यात कलामहोत्सव, जुलैत जाझ संगीताचा महोत्सव, फेब्रुवारीत कार्निव्हल असा त्यांचा क्रम असतो. १७३१ मध्ये बांधलेले मॅनोएल नाट्यगृह अजून चालू आहे. या सगळ्याची किंमत मी कमी लेखत नाही. देशोदेशीचे कलावंत येतात, पर्यटक येतात, पैसा येतो.

दुसरा हंगाम गावांचा. उन्हाळा लागला की माल्टातल्या एकेका गावात त्या त्या गावाच्या संतपुरुषाचा उत्सव भरतो. त्याला ते 'फेस्टा' म्हणतात. रस्त्यांवर पताका, चर्चवर रोषणाई, खांद्यावरून निघणारी मूर्ती, शोभेचे दारूकाम आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गावाचा बँड. गावोगावी बँडची मंडळे आहेत, पुष्कळ ठिकाणी तर एकाच गावात दोन आणि त्यांच्यात कडवी चुरस! हे बँडवाले धंदेवाईक नव्हेत, गावातलेच. मंडळाच्या जागेत मुले तुतारी आणि सनई शिकतात. दारूकामही गावचे हौशी लोकच वर्षभर राबून करतात. परदेशी गेलेला माल्टीज माणूस रजा काढतो ती आपल्या गावच्या फेस्टाची तारीख पाहून. २०२३ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत या गावच्या फेस्टाची नोंद केली.

वाचकहो, थोडा विचार करा. समजा उद्या काही कारणाने माल्टाच्या सरकारकडचा पैसा आटला. पहिला हंगाम त्या वर्षी होणार नाही. दुसरा होईल, कारण तो कोणाच्या अनुदानावर उभा नसून तुतारी शिकणाऱ्या पोरांवर उभा आहे. आपल्या मराठी मंडळींचा हंगाम यांतल्या कोणत्या जातीचा आहे? ज्या वर्षी विमानाचे तिकीट परवडणार नाही, त्या वर्षी आपण काय करणार?

इथे कोणी म्हणेल की बाहेरून काही आणूच नये, असे तुमचे म्हणणे आहे काय? मुळीच नाही. आणि याचे उत्तम उदाहरण आपल्याच मराठी रंगभूमीच्या जन्मकथेत आहे. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातल्या कर्की गावची एक भागवत मंडळी सांगलीला आली आणि तिने राजेसाहेबांपुढे कानडी खेळ केले. सांगलीकर चिंतामणराव पटवर्धनांना ते आवडले. बिदागी देऊन पुढच्या वर्षी पुन्हा त्यांनाच बोलावणे सोपे होते. राजेसाहेबांनी तसे केले नाही. आपल्या पदरच्या विष्णुदास भावे यांना त्यांनी सांगितले की असे खेळ तू मराठीत कर. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे राहिले आणि तो दिवस आज आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. पाहुणा आला, त्याने डोळे उघडले आणि घरच्या माणसाने काम सुरू केले. पाहुण्याचा खरा उपयोग तो हाच. आपल्याकडे पाहुणे येऊन गेल्यावर घरचे काय सुरू झाले, असा हिशेब कोणत्याही मंडळीच्या वार्षिक अहवालात माझ्या तरी वाचनात आलेला नाही.

आपल्यापाशी घरचे काही नाही, असेही नाही. रत्नागिरीच्या बाजूने आलेल्या आपल्या पूर्वजांनी बरोबर दागिने आणले नाहीत, झाकरी मात्र आणली. कोकणात ज्याला जाखडी म्हणतात तोच हा नाच. ढोलकीच्या तालावर गोल फिरत, पाय आपटत, एकाने सांगायचे आणि बाकीच्यांनी उचलायचे. गणपतीपुढे अजून कुठे कुठे तो होतो. परंतु सगळी पदे येणारा माणूस साधारण सत्तरीचा असतो, आणि त्याच्यामागे उभे राहणारे दोन-चारच. त्याची पदे कोणी लिहून घेतली आहेत का? त्याच्या ढोलकीचा हात कोणी मुलगा शिकतो आहे का? मुंबईच्या कलाकाराच्या विमानभाड्यात अशा किती म्हाताऱ्या गुरूंना वर्षभर मानधन देता आले असते, हा हिशेब ज्याने त्याने आपल्या मंडळीच्या वहीवरून करावा.

शेजाऱ्यांकडे पाहा. भोजपुरी बायकांचा गीत-गवई हा लग्नघरच्या अंगणातला प्रकार. वाद्य म्हणावे तर ढोलक आणि हाताशी येईल तो लोटा, चमचा. कोणी त्याला रंगमंचावरची कला म्हणत नव्हते. परंतु त्या बायकांनी तो सोडला नाही. पुढे पुढाकार घेऊन नव्या मुलींना शिकवण्याचे वर्ग सुरू झाले आणि २०१६ साली युनेस्कोच्या यादीत त्याची नोंद झाली. त्याआधी २०१४ मध्ये सेगाची झाली होती. नोंद झाली म्हणजे सर्व काही झाले असे मी मानत नाही. परंतु नोंद होण्याआधी कोणाला तरी अंगणात बसून गावे लागते, एवढे खरे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की आपल्या लोकांचा दर्जा बरा नसतो. नसतोच. पहिल्या वर्षी कोणाचाच नसतो. १९५४ साली त्या वेळच्या मुंबई राज्याने हौशी नाट्यस्पर्धा सुरू केली, तेव्हा गावोगावच्या कारकून-मास्तरांनी केलेली सगळीच नाटके काही थोर नव्हती. परंतु दरवर्षी करायचेच, अशी शिस्त लागली आणि त्या हौशी मंडळींतून पुढे मराठी रंगभूमीला माणसे मिळाली. आपल्या सरकारचा मराठी नाट्यमहोत्सवही आहेच. त्यासाठी घाईघाईने तीन आठवड्यांत बसवलेल्या एकांकिकेत आणि वर्षभर राबून बसवलेल्या एकांकिकेत जो फरक असतो त्याला दर्जा म्हणतात. तो विकत आणता येत नाही.

दुसरा आक्षेप जागेचा. १८२२ सालचे पोर्ट लुईचे नाट्यगृह आणि रोझ हिलचा प्लाझा, दोन्ही वर्षानुवर्षे बंद पडून राहिले, ही तक्रार खरी आहे आणि ती मोठ्याने करायलाच हवी. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण मला इथे वापरायची नाही, कारण अंगण खरोखरच वाकडे होते. परंतु शॉमबर्गजवळचे ते नाटक शाळेच्या सभागृहात झाले आणि तालमी तळघरात. आपल्या गावोगावी मंडळींच्या बैठका आहेत, मंदिरांची सभागृहे आहेत. वर्षातले तीनशे दिवस त्यांना कुलूप असते.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण. मुलांना मराठी येत नाही. शाळेत विषय म्हणून ती घेतात, गुण मिळवतात आणि परीक्षा संपल्यावर विसरतात. महात्मा गांधी संस्थेत मराठीची पदवी घेणारी मुले आहेत, पण थोडी. मग मराठी नाटकात काम करणार कोण? यावर माझे उत्तर ती पडद्याची दोरी धरणारी मुलगी. तिला प्रेक्षक म्हणून तीन तास खुर्चीत बसवले असते तर ती फोनमध्ये डोके घालून बसली असती. तिला काम दिले म्हणून भाषेची गरज निर्माण झाली. आपण उलट करतो. आधी भाषा येऊ दे, मग काम देऊ, असे म्हणतो, आणि दोन्ही राहून जाते. संवाद न बोलता येणाऱ्याला दिवे द्या, ढोलकी द्या, वेशभूषेचे सामान मोजायला द्या. तालमीत सूचना क्रेओलमध्ये झाल्या तरी चालतील, पण पद मराठी असू द्या. भाषा अशी मागच्या दाराने घरात येते आणि राहते.

म्हणून पुढच्या बैठकीसाठी चार सूचना मांडतो. एक, बाहेरच्या कलावंतावर जितके रुपये खर्च होतील तितकेच घरच्या निर्मितीवर खर्च करण्याचा ठराव करावा. दोन, जो पाहुणा येईल त्याने रात्री कार्यक्रम करून सकाळी परतू नये. आणखी दोन दिवस राहून आपल्या मुलांना शिकवावे, आणि हे आमंत्रणाच्या पत्रातच लिहावे. तीन, झाकरीची पदे जाणणाऱ्या प्रत्येक वृद्धाकडे या वर्षी कोणी तरी वही आणि ध्वनिमुद्रण घेऊन जावे. त्यासाठी वर्गणीची गरज नाही, खिशातला फोन पुरतो. चार, मुलांचा नाच सुरुवातीच्या दहा मिनिटांतून काढून मध्यभागी आणावा. पाहुणे स्थिरस्थावर होईपर्यंत वेळ काढण्यासाठी मुलांना नाचवले जाते, हे मुलांना कळते. फार लवकर कळते.

या सूचना महाग नाहीत, पण त्रासदायक आहेत. गायकाला बोलावले की धनादेश देऊन मोकळे होता येते. घरचे नाटक बसवायचे तर भांडणे होतात, रुसवेफुगवे होतात, नायिकेच्या परीक्षा मध्येच येतात आणि ढोलकीवाला ऐन वेळी आजारी पडतो. शॉमबर्गच्या त्या कुटुंबांतही हे सगळे झाले असे मला सांगण्यात आले. दोन घरे काही आठवडे एकमेकांशी बोलत नव्हती म्हणे. प्रयोगाच्या रात्री ती दोन्ही घरे एकाच टेबलाशी भजी तळत होती.

मी आता परत येईन तेव्हा बैठकीची वेळ झालेलीच असेल. चहा येईल, वही उघडेल. अध्यक्षमहाराजांनी या वेळी प्रश्न थोडा बदलून विचारावा, "यंदा आपल्यातले कोण काय करणार?" पहिली काही मिनिटे कोणी बोलणार नाही, सगळे एकमेकांकडे बघतील. बघू द्यावे. घाबरून लगेच मुंबईचे नाव काढू नये. तेवढा वेळ थांबलो, तर कोपऱ्यात बसलेला कोणी तरी सांगेल की माझ्या आज्याची ढोलकी अजून घरात आहे, फक्त पुडी फाटली आहे. तिथून सुरुवात करावी.